मोलारिटी: गणित बरोबर, तरी द्रावण का चुकतं?

धाराशिव आणि तुळजापूर तालुक्यांतल्या द्राक्षबागांत डाऊनी रोग रोखायला बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं प्रमाण बागायतदाराला तोंडपाठ असतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. त्याच घरातली मुलगी अकरावीला सायन्सला जाते, तेव्हा तोच निळा खडा प्रयोगशाळेच्या बरणीतून कॉपर सल्फेट म्हणून पुढे येतो आणि तिला सांगितलं जातं, याचं ०.१ मोलार द्रावण २५० मिलिलिटर कर. सूत्र तिला येतं. एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य आहे, ती मोलारिटी. पण बहुतेक चुका या गणितात होतच नाहीत. गुणाकारात कोणता आकडा घेतला आणि पाणी कुठवर भरलं, तिथे त्या होतात.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की पदार्थाचं नाव कळलं म्हणजे त्याचं रेणुवस्तुमान कळलं. कॉपर सल्फेटचं रेणुवस्तुमान १५९.६, हे खरं आहे. पण ते पांढऱ्या, निर्जल भुकटीचं. निळ्या मोरचुदाच्या प्रत्येक एककात पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात आणि त्यांच्यासकट आकडा २४९.७ होतो. वरच्या द्रावणासाठी ६.२४ ग्रॅम मोरचूद लागतं. निर्जल आकडा घेऊन ३.९९ ग्रॅमच तोललं, तर द्रावण ०.१ ऐवजी जेमतेम ०.०६४ मोलार होतं. वजन अचूक, गुणाकार अचूक, आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल गायब! घरोघरी गढूळ पाण्यात फिरवतात त्या तुरटीचंही तेच. तिच्यात पाण्याचे बारा रेणू असतात, म्हणजे तिच्या वजनात सुमारे ४५ टक्के नुसतं पाणीच. म्हणून बरणीवरच्या लेबलावर छापलेलं रेणुवस्तुमान वाचायचं आणि तेच हिशेबात घ्यायचं. पुस्तकातला आकडा दुसऱ्या रूपाचा असू शकतो. यात आपल्याकडच्या हवेचीही भर पडते. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हाळ्यात धुण्याच्या सोड्याचे खडे झाकण सैल राहिलं तर आपलं स्फटिकजल सोडतात आणि पांढुरके पडतात. अशा बरणीबाबत लेबलावरचा आकडाही खरा राहत नाही. कॉस्टिक सोडा याच्या उलट, हवेतलं पाणी ओढून घेतो. त्याची नेमकी तीव्रता तोलून ठरत नाही, ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेशन करूनच ठरवावी लागते.

आता पाणी. ‘एक लिटर पाण्यात एक मोल मीठ टाकलं की एक मोलार’ हे वाक्य इतकं रुळलंय की पाठांतरातही तसंच येतं. मोलारिटीत मोजायचा तो तयार द्रावणाचा लिटर. ५८.४४ ग्रॅम मीठ भर एक लिटर पाण्यात विरघळवलं तर द्रावण सुमारे १०२० मिलिलिटर भरतं आणि मोलारिटी ०.९८ वर येते. फरक दोन टक्क्यांचाच आहे, पण प्रमाण द्रावणात दोन टक्के खपत नाहीत. रीत अशी: तोललेलं मीठ बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवायचं, फनेलमधून फ्लास्कमध्ये ओतायचं, बीकर आणि फनेल दोन-तीनदा विसळून ते पाणीही त्यातच घ्यायचं. मग फ्लास्कच्या मानेवरच्या खुणेच्या जरा खालपर्यंत भरायचं आणि शेवटचे थेंब ड्रॉपरने, डोळा खुणेच्या पातळीत ठेवून. पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकला की थांबायचं. बीकरवरच्या रेघा अंदाजापुरत्या असतात, त्यांच्या भरवशावर मोलारिटी लिहू नये.

पाणी कोणतं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. खाली दख्खनचा बेसाल्ट, आणि बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड. ‘दिसायला स्वच्छ आहे, पिण्याचं आहे, मग चालतं’ असं मानलं जातं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. हे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, म्हणजे ०.००६ मोल. कठीणता मोजायला ईडीटीएच्या डायसोडियम मिठाचं ०.०१ मोलार द्रावण वापरतात, लिटरला ३.७२ ग्रॅम, तेही स्फटिकजलासकट. ते अशा बोअरच्या पाण्यात केलं तर त्यातलं ६० टक्के ईडीटीए त्या पाण्यातलेच क्षार बांधण्यात, नमुन्याला हात लावण्याआधीच संपलेलं असतं. पिण्याच्या जारमधल्या आरओ पाण्यातही थोडे क्षार उरतातच. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा, क्लोराइड असेल तर पांढुरकं होतं. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाणीच हवं.

टक्के आणि मोलारिटी यांची सरमिसळही नेहमीची. दवाखान्यात लावतात ते ०.९ टक्क्याचं सलाईन लिटरला ९ ग्रॅम मिठाचं, म्हणजे ०.१५४ मोलार, बाटलीवर सोडियम (मिलिमोलमध्ये) १५४ छापलेलं असतं ते म्हणूनच. बोर्डोसाठीचं मोरचूद टक्केवारीत याहून थोडं जास्त, लिटरला १० ग्रॅम, पण मोलमध्ये फक्त ०.०४. टक्के वजन सांगतात आणि रासायनिक क्रिया कणांच्या संख्येवर चालते.

तापमानाचं थोडक्यात. मोलारिटी स्थिर नसते, कारण आकारमान बदलतं. आपल्याकडच्या फ्लास्कवर बहुधा २७ अंश सेल्सिअस छापलेलं असतं, खूण त्या तापमानाला बरोबर. चाळीस अंशांच्या दुपारी पाणी जवळपास अर्धा टक्का फुगलेलं असतं. गरम झालेलं द्रावण निवू द्यायचं आणि मगच खुणेपर्यंत भरायचं.

शेवटचा गैरसमज टायट्रेशनच्या टेबलावर भेटतो: एकाची मोलारिटी गुणिले आकारमान बरोबर दुसऱ्याची मोलारिटी गुणिले आकारमान. एकच द्रावण पाणी घालून पातळ करताना हे सूत्र हमखास खरं. दोन पदार्थांच्या क्रियेत मात्र समीकरणातलं प्रमाण पाहावंच लागतं. बारावीच्या प्रात्यक्षिकात मोहरच्या मिठाचं ०.१ मोलार द्रावण करतात. रेणुवस्तुमान ३९२, पाण्याचे सहा रेणू धरून. २५० मिलिलिटरला ९.८ ग्रॅम, आणि लोह बिघडू नये म्हणून विरघळवतानाच सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. परमँगनेटचा एक मोल लोहाचे पाच मोल संपवतो. त्यामुळे ०.१ मोलारच्या १० मिलिलिटरला ०.०२ मोलार परमँगनेटही १० मिलिलिटरच लागतं. पाचाचा गुणक विसरला, तर ब्युरेटचं वाचन अगदी बरोबर असूनही वहीत परमँगनेटची मोलारिटी पाचपट लिहिली जाते.