डोंगरातलं रोप ‘नवं’ कसं ठरतं?



गेल्या श्रावणात आमच्या बचत गटाने रानभाजी महोत्सवात टेबल लावलं होतं. करटुली, तरोटा, कुरडू, चिवळ आणि पाथरी, सगळं पहाटे खुडून आणलेलं. जुड्या बांधताना आमच्या गटातल्या एका आजींनी पाथरीची एक जुडी उचलली. त्यातलं एक पान मोडून पाहिलं आणि म्हणाल्या, “हाई पाथरी नही शे वं.” पाथरीचं पान मोडलं की पांढरं दूध येतं. त्या पानातून काहीच आलं नाही. जुडी सोडून पाहिली तर पाथरीत गाजरगवताची कोवळी रोपं मिसळलेली. ती जुडी मीच बांधली होती. लहानपणी दोन्ही रोपं जमिनीला चिकटून गोल पसरतात, घाईत माझी नजर चुकली. गाजरगवत कुणाच्या पोटात गेलं असतं तर? हातालाही ज्याने खाज सुटते, ते आम्ही भाजी म्हणून विकणार होतो.

एका रोपापासून दुसरं वेगळं कसं ओळखायचं, हा प्रश्न फक्त आपल्या भाजीचा नाही. जगभरचे वनस्पतीशास्त्रज्ञ डोंगर तुडवतात ते याचसाठी. ‘डोंगरात नवी वनस्पती सापडली’ अशी बातमी आपण अधूनमधून ऐकतो. ती नवी म्हणजे काय, आणि ते ठरवतं कोण, ते आज बघू.

आधी पाथरीचं घराणं बघू. पाथरी, गाजरगवत, झेंडू, शेवंती आणि करडई ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळाची खूण अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. झेंडू सोडून बघा, प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल निघतं. पाथरीचं पिवळं फूल वाळलं की बियांना पांढरे केस येतात आणि वाऱ्याबरोबर त्या उडतात. रुईची म्हातारी उडते ना, तशाच.

पाथरीची एक लांबची बहीण थंड मुलखात राहते. तिला इंग्रजीत डँडेलियन म्हणतात. हिमालयात, युरोपात, बर्फाळ डोंगरांच्या कुरणांत ती उगवते. तिच्याही पानात दूध, फूल पिवळं आणि पिकल्यावर केसाळ बियांचा गोल चेंडू. शास्त्रज्ञांना या रोपाने फार दमवलं आहे. कारण तिच्या बऱ्याच जातींत परागकण न लागताच बी धरतं. म्हणजे लेक हुबेहूब आईसारखी.

जळगावच्या बाईला हे समजावून सांगायला नको. आपली केळी अशीच चालते. खोडाजवळचा मुनवा काढून लावला की नवं झाड आईसारखंच येतं, बीची गरजच नाही. डँडेलियन हेच काम बीमधून करते. त्यामुळे एखाद्या डोंगरावरच्या रोपाच्या पानाचा दात थोडा वेगळा असला, तर तो फरक पिढ्यानपिढ्या तसाच राहतो. अशा बारीक फरकांवरून शास्त्रज्ञांनी दोन हजारांहून जास्त प्रकारांना नावं दिली आहेत. काही जण म्हणतात, या सगळ्या वेगळ्या जाती. काही म्हणतात, एकाच घरातल्या बहिणी. हा वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून कुणाला रोप वेगळं दिसलं आणि त्याने नाव ठेवलं, असं चालत नाही. त्याची रीत ठरलेली आहे. आधी ते रोप फुलावर आणि फळावर असताना बघावं लागतं. नुसत्या पानावरून जात ठरत नाही. मग एक फांदी कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि कुठे, कधी, किती उंचीवर, कुणाला सापडली ते शेजारी लिहितात. हे नमुने वनस्पती संग्रहालयात ठेवतात. आपल्या राज्यात पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात, मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर संग्रहालयात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात असे संग्रह आहेत.

मग नवं रोप जुन्या नमुन्यांशी ताडून बघतात. देठावर लव आहे का, पाकळी किती लांब, बी कसं. कुणाशीच जुळलं नाही तर त्याचं सविस्तर वर्णन लिहून शास्त्रीय मासिकात छापतात आणि एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून कायमचा जपून ठेवतात. पुढे कुणाला शंका आली तर त्या नमुन्याशी पडताळायचं. नावाचे दोन भाग असतात. पहिला घराचा, दुसरा तिचा स्वतःचा.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विशाळगडावर अभ्यासकांना एक कंदीलपुष्प सापडलं. हे पाथरीच्या कुळातलं नाही, रुईच्या कुळातलं आहे. पण त्याचंही बी म्हातारीसारखंच उडतं. २०२३ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावावरून त्याला ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ असं नाव मिळालं. मराठीत शिवसुमन. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अक्षय जंगम, रतन मोरे आणि डॉ. निलेश पवार, चांदवडचे डॉ. शरद कांबळे आणि ज्येष्ठ वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव यांचं हे काम.

कंदीलपुष्पाची गंमत अशी की फूल खाली फुगीर आणि वर नळीसारखं असतं. वासाने बारीक माश्या आत शिरतात आणि आतल्या केसांमुळे अडकून राहतात. काही वेळाने केस कोमेजतात, तेव्हा माशी पराग घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलात जाते.

आता सांगा, शिवसुमन २०२३ मध्ये जन्माला आलं का? नाही. गडावर ते आधीपासून होतंच. गुरं राखणाऱ्या कुणी ते पाहिलंही असेल. नवीन झाली ती नोंद. पण नोंदीला मोल आहे. ज्याला नाव नाही, त्याची मोजणी होत नाही, ते कमी झालं तरी कळत नाही आणि ते वाचवा म्हणायलाही जागा राहत नाही. कंदीलपुष्पांच्या काही जातींचे कंद लोक खणून खातात, त्यांना खरपुडी म्हणतात. कंद गेला की रोपच गेलं.

आपल्याकडेही अशी नोंद झाली आहे. डॉ. डी. ए. पाटील यांचं धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वनस्पतींवरचं पुस्तक २००३ मध्ये निघालं. पण ते इंग्रजीत आहे. आपल्या आजींना जे पान मोडून कळतं, ते अजून त्यांच्याजवळच आहे. यावल, चोपडा, शिरपूरकडच्या पावरा आणि भिल्ल बायांना सातपुड्यातल्या ज्या भाज्या, कंद माहीत आहेत, त्यांची नावं त्यांच्याच बोलीत आहेत. ती म्हातारी माणसं गेली की ते सगळं जाईल.

त्यासाठी कायद्याने एक वाट दिली आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करायची असते. गावातली झाडं, भाज्या, बियाणं, त्यांचे उपयोग, सगळं त्यात लिहायचं. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आपल्या गावची नोंदवही कुठे आहे आणि तिच्यात बायांनी सांगितलेलं किती आहे.

आमच्या गटाने त्या जुडीनंतर चार नियम केले. एक, भाजी खुडायला जाताना एक जाणती बाई सोबत हवीच. दोन, प्रत्येक पान दोन खुणांनी ओळखायचं. नुसतं दूध आलं म्हणजे खायचं असं नाही, रुईलाही दूध असतं आणि ते विषारी आहे. शंका आली की ती भाजी टोपलीत नको. तीन, मुळासकट उपटायचं नाही आणि बी धरायला काही रोपं सोडायचीच. चार, दर बैठकीत एका भाजीची नोंद करायची. अहिराणीत नाव, पावरीत नाव, कुठे उगवते, कधी फुलते, कशी शिजवतात, कशाशी गफलत होते. शेजारी वाळवलेलं पान आणि फूल चिकटवायचं.

आमच्या वहीचं पहिलं पान पाथरीचं आहे. त्याच्या खाली सांगणारी म्हणून त्या आजींचं नाव लिहिलं आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक कोरी वही घेऊन जा आणि सगळ्यात वडीलधाऱ्या बाईपासून सुरुवात करा.