आपण जसं शिकलो, तसंच लेकराला शिकवू

बचत गटाच्या बैठकीत आमच्यातली एक जण म्हणाली, “आपल्या वेळी छडी होती, पाढे पाठ होते. आता शाळेत नुसता खेळ. पोरं शिकणार कशी?” बऱ्याच जणींनी माना हलवल्या. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आधी आठवू या, आपण मोठेपणी सही कशा शिकलो? कुणी सगळी बाराखडी घोकून घेतली नाही. आधी स्वतःचं नाव गिरवलं, मग पासबुकातले आकडे ओळखले. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेव्हाही प्रौढांना ओळखीच्या शब्दांवरून अक्षरं शिकवण्यावर भर होता. बाई दिवसभर राबून वर्गाला येते. तिला उपयोग दिसला नाही, तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही.

लेकरांना मात्र आधी सगळी मुळाक्षरं पाठ करावी लागत. आता थोडीच अक्षरं घेऊन लगेच शब्द करतात. क, म, ल आले की ‘कमल’ आणि ‘कलम’ वाचता येतं. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक कळतो. बाहेरून तो खेळ दिसतो, पण ते गणितच असतं.

हे काही आजचं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. पाड्यावरच्या अंगणात जाऊन, तिथल्याच वस्तू घेऊन त्यांनी मुलांना शिकवलं.

फरक एवढाच, की मोठ्या माणसाजवळ शब्द आणि व्यवहार आधीच असतो. लेकराचे शब्द अजून घडायचे असतात. त्याला जास्त वेळ लागतो, तीच गोष्ट पुन्हापुन्हा लागते. भीती मात्र दोघांनाही अडवते. वर्गात कुणी हसलं असतं, तर आपण परत गेलो असतो का? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानं शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. पण घरी अभ्यासाला बसवून आपणच “ढ” म्हणालो, तर कायदा काय करणार?

तर एवढं करू. भाकरी थापताना लेकराला मोजायला सांगू. शाळेतली गोष्ट त्याच्या तोंडून ऐकू. चुकलं तर “पुन्हा बघ” म्हणू. आपल्याला वाचता येत नसेल, तरी ऐकता येतंच. आणि शिकायचं असेल, तर पंधरा वर्षांवरच्या सर्वांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम आहे, शाळेत गुरुजींना विचारू.

एका कंदिलाखाली दोघं शिकली, तर उजेड काही कमी पडत नाही.