बोलघेवड्यांना एक विनंती

लग्नाच्या मांडवात किंवा दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेल्या गृहस्थाला एखादा उत्साही स्नेही दुरूनच हेरतो, पाठीवर थाप मारून "अहो, असे गप्प का? काहीतरी बोला की!" असे चारचौघांत फर्मावतो, आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडून उरलेसुरले दोन शब्दही निघेनासे झाले म्हणजे "माणूस जरा शिष्टच दिसतो" असा निकाल देऊन मोकळा होतो. वास्तविक हेतू दोघांचाही निर्मळ असतो. परंतु स्नेह जोडण्याची ही रीत सर्वस्वी बहिर्मुखाच्या सोयीची असल्यामुळे अंतर्मुखाच्या ठिकाणी ती विफल व्हावी, यात नवल नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली या दोन वृत्तींची मांडणी केली, तेव्हा मनःशक्तीचा ओघ बाह्य जगाकडे वाहतो की आतल्या विचारविश्वाकडे, हा भेद त्यांना अभिप्रेत होता. पुढे १९६७ मध्ये हान्स आयझेंक यांनी असे प्रतिपादन केले, की अंतर्मुखाचा मेंदू मुळातच अधिक उद्दीपित असतो, आणि म्हणून ज्या गर्दीगोंगाटात बहिर्मुखाला हुशारी वाटते त्याच गर्दीत अंतर्मुख माणूस लवकर थकतो. या उपपत्तीचे सगळेच तपशील पुढील संशोधनात टिकले नाहीत, तरी व्यवहारातल्या अनुभवाशी ती बरीच जुळते. लाजाळूपणाची बाब मात्र निराळी. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात बॅरिस्टर गांधी पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि शब्दच न फुटल्यामुळे फीचे ३० रुपये परत करायला तयार होऊन खाली बसले, ते भयापोटी. लाजाळू माणसाला लोकांचे भय वाटते. अंतर्मुखाला त्यांचा शीण येतो.

जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण या संदर्भात मोठे उद्बोधक आहे. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे आणि सभासमारंभांपासून कटाक्षाने दूर राहणारे हे कथाकार पत्रांत मात्र इतके मनमोकळे होत, की त्यांच्या निवडक पत्रांचे खंडच्या खंड प्रसिद्ध झाले, आणि पती पु. ल. देशपांडे यांच्या, माणसांनी गजबजलेल्या घरातून सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रेही 'प्रिय जी. ए.' या नावाने ग्रंथरूप झाली. पत्राला तत्काळ जबाब द्यावा लागत नाही, आणि लिहिणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कोणी टक लावून पाहत नाही. ही मुभा मिळाली, की अबोल समजला जाणारा माणूसही पानेच्या पाने भरतो.

हीच मुभा घरी आणि कचेरीतही देता येते. दिवाणखान्यात समोरासमोर बसवून ज्याच्याकडून हूं की चूं निघाले नाही, तोच भाचा स्वयंपाकघरात मावशीबरोबर मटार सोलायला बसला, हात चालू आणि नजर ताटात, म्हणजे अर्ध्या तासात परीक्षेची धास्ती, मित्राशी झालेले भांडण, असे सगळे आपण होऊन सांगू लागतो. अट एवढीच, की तो मध्येच थांबला तर ती उसंत मावशीने आपल्या गोष्टीने बुजवू नये. कचेरीतल्या बैठकीत ऐनवेळी "तुमचे मत काय?" असा जाहीर तगादा लावण्याऐवजी विषयांची टिपणी आदल्या दिवशी हाती द्यावी. न सांगता दारात उभे राहणे हे आमच्याकडे आपुलकीचे लक्षण मानले जाते, आणि मलाही ते मनापासून आवडते, तरी अंतर्मुख स्नेह्याला आधी निरोप धाडावा, दहा जणांत बोलावण्यापेक्षा एकट्याला बोलवावे, आणि तो जेवण आटोपून नऊलाच उठू लागला, तर "बसा हो, एवढ्यात कुठे?" असा आग्रह एकदा जरूर करावा, दुसऱ्यांदा करू नये.