हनिमूनचा एक दिवस द्राक्षमळ्यात

लग्नाची धावपळ संपली की नवदांपत्याला निवांतपणा हवा असतो. मग नाशिकला चला. जानेवारी ते मार्च हा द्राक्षकाढणीचा हंगाम, तेव्हा मळे बहरात असतात.

सकाळी वायनरी
गंगापूर धरणाच्या परिसरात सुला आणि यॉर्क या वायनरी जवळजवळ आहेत. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. टूरमध्ये वाइन कशी बनते ते कळतं. रेड वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो. व्हाइट वाइनसाठी साली आधीच काढतात.

दुपारी टेस्टिंग
रिकाम्या पोटी टेस्टिंग नको. ग्लास उजेडात धरा, हलकेच फिरवा, वास घ्या, मगच छोटा घोट.

जोडीदार पीत नसेल तर?
‘हनिमून आहे, एक घोट तरी घे’ असा आग्रह मुळीच नको. सुरुवातीलाच मन मारून ‘हो’ म्हणायची सवय लागली, तर ती संसारभर पुरते. नकार हसून स्वीकारलात, तर विश्वास तिथेच रुजतो. मळ्यातली भटकंती, गप्पा आणि धरणाच्या पाण्यावरची संध्याकाळ यांना वाइन लागत नाही.

हे लक्षात ठेवा
* शनिवार-रविवारी गर्दी असते, बुकिंग आधीच करा.
* वाइन घेणार असाल तर गाडी चालवू नका, ड्रायव्हर ठरवा.
* उन्हासाठी टोपी आणि मळ्यात चालायला सपाट चपला घ्या.
* खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून आधीच ठरवा.