घरभाड्याच्या रिटर्नला सीए हवाच का?

हिंगोलीत माडीवरच्या दोन खोल्या शिक्षकांना, बँकवाल्यांना भाड्याने देणारे बरेच. "रिटर्नला सीए लावू का?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. आधी हिशोब बघा 👇

🏠 समजा भाडं महिना ८,००० : वर्षाचे ९६,०००
🧾 त्याच वर्षी नगर परिषदेत भरलेली घरपट्टी ६,००० वजा : उरले ९०,०००
✂️ त्यातले सरसकट ३० टक्के, म्हणजे २७,००० वजा : करपात्र ६३,०००

हे ३० टक्के रंगाचा हात मारला नाही तरी मिळतात. गळक्या स्लॅबवर लाख घातले तरी तेवढेच.

पगार किंवा पेन्शन आणि असं एखादं घर, एवढंच असेल तर आयटीआर-१ घरी बसून भरता येतो.

पण हळदीची पट्टी हातात आली की गणित बदलतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त खरं, पण वर्षाला ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. बाकीचं उत्पन्न करमाफ मर्यादेपुढे असेल, तर कराचा दर ठरवतानाही शेतीचं उत्पन्न धरतात.

सोबत प्लॉट विकलाय? बँकेला दिलेल्या गाळ्याचा टीडीएस कापला जातोय? मग सीएची फी वसूल समजा. नाहीतर घरपट्टीची पावती आणि भाड्याची वही जपा, तेवढं पुरे. 🙏