हौशी की धंदेवाईक?

अमेरिकेतील विद्यापीठांत बास्केटबॉल खेळणाऱ्या तरुणांपुढे दर वसंतात एक प्रश्न उभा राहतो. पदवी पुरी करावी, की अभ्यास सोडून पगारी खेळाडू व्हावे? 'पैशाच्या मोहाने पोरे शिक्षणावर पाणी सोडतात' असे म्हणून पुष्कळ लोक हा प्रश्न निकालात काढतात. आम्ही उभी हयात कामगारांची पगारपत्रके तपासण्यात घालविली. आम्हांस हा प्रश्न मजुरीचा वाटतो.

आधी व्यवहार पाहू. तेथील धंदेवाईक संघांच्या संस्थेस एन.बी.ए. म्हणतात. तिचे संघ 30. दरवर्षी जूनच्या सुमारास हे संघ आळीपाळीने नवे खेळाडू उचलतात. फेऱ्या दोन, म्हणजे साऱ्या जगातून साठाच्या आसपास मुले. पहिल्या फेरीत निवड झाली तर दोन वर्षांच्या पगाराची हमी. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही, ज्याने त्याने घासाघीस करून मिळवावी. संघ मुलाला निवडतो, मुलगा संघाला नव्हे. ठरल्या मुदतीत नाव मागे घेऊन विद्यापीठात परत जाता येते. मुदत टळली की बहुधा दार बंद. थांबावे, तर पुढच्या हंगामात गुडघा कामातून जाण्याची भीती. आणि या धंद्यात गुडघा हेच भांडवल.

विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळे. परंतु तिकिटांचा आणि प्रक्षेपणाचा पैसा संस्थेकडे जाई. या व्यवस्थेला नाव होते 'विद्यार्थी-खेळाडू'. हा शब्द 1950 नंतरच्या दशकात रूढ करण्यात आला. 1955 साली कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा फुटबॉल खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. 1957 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालयीन खेळांच्या मध्यवर्ती संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी 1995 साली स्वतःच लिहून ठेवले, की असे दावे टाळण्यासाठी तो शब्द पुढे करण्यात आला. शब्दाने हक्क कसा बुडतो, हे ज्यांनी 'शिकाऊ' म्हणून वर्षानुवर्षे राबणारी माणसे पाहिली आहेत त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपीतील कापूस वेचणाऱ्या घरातला मुलगा. दहा भावंडांपैकी एक. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले. पुढे एक वर्ष डेट्रॉइट विद्यापीठात खेळून 1969 साली तो प्रतिस्पर्धी धंदेवाईक संस्थेत गेला आणि 1970 साली एन.बी.ए.च्या सिॲटल संघात आला. एन.बी.ए.चा नियम असा, की शाळा सुटल्यापासून चार वर्षे झाल्याखेरीज कोणासही घ्यावयाचे नाही. हेवूड न्यायालयात गेला, आणि 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने पडला. तेव्हापासून दार उघडले. आईला शब्द दिला होता म्हणून चारही वर्षे शिकून 1997 साली पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला टिम डंकनही आहेच. पण घरची चूल थांबू शकत असेल तरच अशी वाट पाहता येते.

आता आमच्याच पक्षाची गोष्ट. खेळाडूंची युनियन 1954 सालची. 1964 साली बॉस्टनच्या सामन्यापूर्वी निवृत्तिवेतनासाठी तिचे खेळाडू मैदानात उतरावयास तयार नव्हते. त्यांनी आश्वासन घेतले तेव्हाच ते उतरले. त्याच युनियनने 2005 च्या करारात मान्य केले, की 19 वर्षांखालील आणि शाळेनंतर एक वर्ष न थांबलेल्या अमेरिकन मुलास घ्यावयाचे नाही. ज्यांच्यावर हा नियम बसला त्यांना मत नव्हते, कारण ते अजून सभासदच नव्हते. हा करार आम्हांस पटत नाही. मात्र बोट दाखविताना मान खाली जाते. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना बाजूस ठेवून कायम कामगारांचा करार आम्हीच केला होता.

2021 च्या जुलैपासून विद्यापीठातील खेळाडूस जाहिरातीतून कमाईची मुभा मिळाली, आणि 2025 पासून विद्यापीठे थेट पैसे देऊ लागली. मुदतीपूर्वी नाव देणारे 2021 साली 353 होते. 2025 साली 106. पहिला आकडा साथीच्या गोंधळाने फुगलेला असेल, तरी दिशा स्पष्ट आहे. दुसऱ्या फेरीतल्या बेभरवशाच्या पगारापेक्षा वर्गात राहणे आज कित्येकांना अधिक परवडते. मोहाची टीका करणारे आता यावर काय म्हणतात, हे ऐकण्याची आम्हांस उत्सुकता आहे.

मात्र हा पैसा एकेकटा मिळतो. एकजुटीने वाटाघाट नाही. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन केली. महाविद्यालयाने बोलणीच नाकारली, आणि 31 डिसेंबर 2024 रोजी युनियनला आपला अर्ज मागे घ्यावा लागला.