निळ्या नक्षीची बशी

चिनी माती म्हटली की आम्हा वऱ्हाडी माणसांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती लोणच्याची बरणी! पण मेहकरच्या माझ्या एका स्नेह्यांच्या फडताळात, बरणीशेजारीच, निळ्या नक्षीची एक बशी असे. पांढऱ्या अंगावर पूल, पुलावर तीन माणसे, वर दोन पाखरे. “पणजोबांच्या वेळची, अस्सल चिनी!” असे ते आल्यागेल्याला सांगत.

अस्सल चिनी भांड्याचे वेड काय असते पाहा. १६०९ साली विल्यम हॉकिन्स हा इंग्रज सुरतेहून, आपल्या मलकापूरच्या उत्तरेस असलेल्या बुऱ्हाणपुरावरून, आग्र्याला गेला. जहांगीराच्या दरबारची एक हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. नव्वद रुपयांची एक चिनी थाळी उंट पडल्यामुळे फुटली. ती ज्याच्या ताब्यात होती त्या सरदाराने जोड आणण्यासाठी गुपचूप माणूस चीनला धाडला. पण तो परतण्यापूर्वीच बादशहाला थाळी आठवली! सरदाराला फटके बसले, आणि तशीच थाळी शोधायला त्यालाच देशाबाहेर जावे लागले. अखेर जोड मिळाली ती इराणच्या शहाकडे.

अशी भांडी घडत ती मुख्यतः चीनमधील जिंगदेझेन येथे. पांढऱ्या मातीत विशिष्ट दगडाची पूड मिसळायची, कोबाल्टच्या रंगाने हातानेच चित्र काढायचे, वरून झिलई द्यायची आणि सुमारे तेराशे अंशांच्या भट्टीत भाजायचे. निळाई झिलईखाली राहते, म्हणून ती पुसत नाही. जाणकार संग्राहक आधी भांडे पालथे करतो. बुडाच्या कड्याला झिलई नसते. तेथे मातीचा खरा पोत दिसतो. तळाशी बादशहाचे नाव दिसले म्हणून मात्र हुरळू नये. कांग्शीच्या काळातले (१६६२–१७२२) कारागीरही जुन्या मिंग बादशहांची नावे खुशाल घालीत. त्यात लबाडीपेक्षा आदरच अधिक असे म्हणतात.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा (मृत्यू १९१८) आणि सर दोराबजी टाटा (मृत्यू १९३२) यांनी जमविलेली चिनी भांडी आहेत. ती पाहून आलो आणि स्नेह्यांची बशी पुन्हा हातात घेतली. पूल-पाखरांची ही नक्षी इंग्लंडातल्या कुंभारांनी १७९० च्या सुमारास चिनी चित्रांवरून जुळविलेली. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, कागदावर घ्यायची आणि भांड्यावर उठवायची! काठाशी वेलबुट्टी एके जागी जुळत नव्हती. तो छापाचा सांधा मी दाखवला. स्नेही गप्प झाले.

“मग आता हिच्यात लोणच्याची फोड वाढायला हरकत नाही ना?” वहिनींनी विचारले.

त्यांनी बशी माझ्या हातातून काढून घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा फडताळात ठेवली.